टोपी बदलून येणारा माणूस

बुधवारी बाबा तीनदा मेले.

पहिल्यांदा सकाळी, चहाच्या वेळी. आई म्हणाली की साखर संपली आहे आणि कुणी उठून आणणार नसेल तर आजपासून सगळ्यांनी बिनसाखरेचा प्यायचा. बाबांनी कप खाली ठेवला, उजवा हात छातीवर दाबला, अर्धी गिरकी घेतली आणि खुर्चीसकट मागे कोसळले. अडुसष्टाव्या वर्षी. आवाज झाला तो खुर्चीचा. बाबांच्या अंगाचा आवाज कधीच होत नसे, तीच त्यांची विद्या. एक पाय दुमडलेला, डावा हात डोक्यावरून लांब टाकलेला, तोंड किंचित उघडं.

"उठा. वय काय, चाललंय काय," आई म्हणाली.

मेलेला माणूस हलला नाही.

मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "कट."

"कशी झाली?" बाबा उठून पँट झटकत म्हणाले.

"गिरकी जास्त झाली."

"गोळी बाजूनं आली होती, बाईसाहेब. बाजूनं आली की गिरकी येतेच."

दुसऱ्यांदा दुपारी, खालच्या कारखान्यात. कारखाना म्हणायचं एवढंच. एक खोली, कातडं शिवायचं यंत्र, भिंतीवर लटकवलेले पट्टे, बॅगा आणि कुणीही परत न्यायला न आलेलं एक खोगीर. पोस्टमननं पत्र देता देता दोन बोटं रोखली आणि तोंडानं 'ठो' केलं. बाबा यंत्रावर ओणवे झाले. पोस्टमनला नियम ठाऊक होता. तो "कट" म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला.

तिसऱ्यांदाचं पुढे सांगते.

कातड्याचं काम नंतरचं. बाबांचा मूळ धंदा पडण्याचा होता. आमच्या गावाबाहेर बंद पडलेली दगडाची खाण आहे. एका निर्मात्यानं तिथे लाकडी फळ्यांचं गाव उभं केलं होतं: पुढून दारूचा गुत्ता, तुरुंग, बँक, आणि मागून नुसते टेकू. अकरा वर्षं तिथे घोडेस्वारांचे आणि बंदुकवाल्यांचे सिनेमे निघाले. एकेक सिनेमा बारा-पंधरा दिवसांत. घोडे सहा, त्यामुळे टोळीही सहांचीच. तीच एका खडकाला तीनदा वळसा घालून गेली की अठरा माणसं दिसत. आणि मरायला माणसं चार. बाबा त्यांतले एक. छपरावरून पडायचं, मग मिशी लावून घोड्यावरून पडायचं, मग टोपी बदलून गुत्त्याच्या आरशात घुसायचं. दिग्दर्शक त्यांना 'पडीक' म्हणे. "पडीकला बोलवा, जिन्यावरून एक हवाय."

लहानपणी मी त्यांच्या अंगावरून बोट फिरवत विचारायची आणि ते वाचून दाखवावं तसं सांगायचे. गळ्याखालचं हाड: घोड्याच्या पायात तार अडकवून पाडलं तेव्हा. पुढचे दोन दात: आरशाची काच खरी निघाली तेव्हा. कानामागचा काळा डाग: खोटं काडतूस जवळून उडालं, दारू कातडीत बसली. या प्रत्येक जखमेची गोष्ट हसत संपायची. एकच गोष्ट तशी संपत नसे, आणि तिची खूण त्यांच्या अंगावर नव्हती.

त्या चौघांत एक लंबू होता. बाबांचा जिवलग. धावत्या घोडागाडीवरून पडण्याचं त्याचं काम होतं. पडला, सुंदर पडला. दिग्दर्शक "कट" म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोडे थांबले, धूळ बसली, आणि लंबू उठला नाही. मान मोडली होती. ते दृश्य सिनेमात तसंच ठेवलं, कारण परत घ्यायला गाडी उरली नव्हती.

म्हणून आमच्या घरात नियम होता. पडलेल्या माणसाला "कट" म्हणायचं. रुसवा असो, घाई असो, दारात पाहुणे असोत, म्हणायचंच. बाबा सांगायचे, "ते पडणाऱ्यासाठी नसतं गं. बघणाऱ्यासाठी असतं. कट म्हटल्यावर उठला तर सिनेमा. नाही उठला तर पळायचं."

मी मोठी झाले, साहित्य शिकवू लागले. ज्या पुस्तकांत माणूस एकदाच मरतो आणि त्याच्या मरणाची किंमत सगळ्यांना मोजावी लागते, ती पुस्तकं. बाबांचे सिनेमे मला कचरा वाटायचे आणि मी तसं बोलूनही दाखवायची. आकाशात टेलिफोनच्या तारा दिसतात. रात्र म्हणजे निळी काच लावलेली दुपार. गावावर दरोडा पडतो, वीस माणसं मरतात आणि कुणी रडत नाही. बाबा म्हणायचे, "रडणारे परवडायचे नाहीत. रडायला जवळून चेहरा दाखवावा लागतो, त्याला दिवे लागतात." आणि मग डोळे मिचकावून, "शिवाय कशाला रडायचं? येतोच की परत टोपी बदलून."

बुधवारी संध्याकाळी मी कॉलेजातून परतले तेव्हा आमच्या गल्लीत बर्फवाला त्याच्या बायकोला मारत होता.

त्याचं दुकान आमच्या अगदी समोर. भुशात ठेवलेल्या लाद्या, तरटं, लाकडी खोकी, आणि दिवसभर बर्फ फोडण्याचा आवाज. बायको वजनकाट्यावर बसायची. मारणं नवं नव्हतं, पण ते आजवर शटरच्या आत व्हायचं. त्या दिवशी त्यानं तिला केसांना धरून रस्त्यावर आणलं आणि तिचं डोकं शटरवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. पत्र्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिच्या भुवईतून रक्त येऊन डोळ्यात उतरत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, दोन्ही हातांनी केसांची मुळं धरून होती. लोक उभे होते. गल्लीतल्या लोकांना अशा वेळी आपापल्या चपला दिसू लागतात.

बाबांनी चष्मा काढून यंत्रावर ठेवला, हातातली आरी बाजूला ठेवली आणि बाहेर आले.

"अरे राजा, तिला काय मारतोस," ते म्हणाले. "तिला पडता येत नाही. मला मार. मी धंदेवाईक आहे."

बर्फवाल्यानं तिला सोडलं आणि बाबांच्या तोंडावर ठोसा मारला. खरा. ओल्या फडक्यात दगड गुंडाळून आपटावा तसा आवाज झाला. आणि बाबा उडाले. मागे चार पावलं, हात पसरून, खोक्यांच्या राशीवरून कोलांटी, जाताना दुकानाची कनात धरून ती सगळी अंगावर ओढून घेत. शेवटी कनातीखालून एक पाय तेवढा बाहेर, बूट आभाळाकडे. तो पाय दोनदा थरथरला आणि निपचित झाला.

क्षणभर कुणालाच कळेना. मग एक पोरगी खुदकन हसली, आणि अख्खी गल्ली हसली. हसू दाबून धरलेलं होतं ते भीतीसकट बाहेर पडलं. कुणीतरी ओरडलं, "कट!" बाबा कनातीतून बाहेर आले आणि वाकून मुजरा केला. त्यांचा खालचा ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवरून शर्टात जात होतं.

तेवढ्यात आईनं त्या बाईला आमच्या कारखान्यातून मागच्या दारानं काढलं आणि गाडीत बसवून तिच्या बहिणीकडे पाठवून दिलं.

बर्फवाला मूठ तशीच आवळून उभा होता. "हसू नका," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, कारण मी एकटीच हसत नव्हते. मला लाज वाटत होती.

ती मी जेवताना बाहेर काढली.

"त्यानं खरंच मारलंय तुम्हाला, बाबा."

"मारलंय ना. बघ, दातही हलतोय. पण लोकांना काय दिसलं? सिनेमा. तोही हसला असता तर त्यातून सुटला असता."

"तो हसला नाही."

"हो," बाबा ओठाला बर्फ लावत म्हणाले. तो बर्फही समोरचाच, सकाळी आणलेला. "ते जरा चुकलंच."

"शुक्रवारचं विसरू नका दोघं," आई विषय बदलायला म्हणाली. गावातल्या हौशी लोकांच्या एका मंडळानं बाबांचा एक सिनेमा कुठूनतरी मिळवला होता. त्यात बाबा चारदा मरतात. आईनं त्यांचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता; घरात पडतात ते पुरे, म्हणायची. या वेळी मात्र तीही तयार झाली होती.

"बाईसाहेब येणार ना?" बाबांनी विचारलं.

"मला त्या कचऱ्यासाठी वेळ नाही," मी म्हणाले. तिथे थांबता आलं असतं. "अकरा वर्षं पडलात, आणि त्यातही एकदाही मुख्य माणूस झाला नाहीत. आता गल्लीत विदूषक झालात. पुरे करा की."

मला वाटलं ते छातीवर हात दाबून कोसळतील. मी वाट पाहिली. ते कोसळले नाहीत. भात कालवत राहिले आणि नेहमीपेक्षा कमी जेवले.

गुरुवारी आई बाजारात गेली होती. मी वर पेपर तपासत होते. चारच्या सुमाराला खाली काहीतरी आपटलं, पट्ट्यांची बक्कलं एकमेकांवर वाजली, मग शांत. मी चहा टाकणारच होते. बाबांना विचारावं म्हणून जिना उतरले. जिन्याच्या तळाशी काचेचं दार आहे. त्यातून बाबा दिसले. यंत्राशेजारी, पाठीवर. एक पाय दुमडलेला. डावा हात डोक्यावरून लांब टाकलेला. तोंड किंचित उघडं. भिंतीवरचं खोगीर खाली आलेलं. रक्त कुठेही नव्हतं.

मला वाटलं, समेट करताहेत. सॉरी म्हणणं त्यांना यायचं नाही. ते रुसवा काढायला मरायचे. मी वयाच्या सहाव्या वर्षापासून अशा प्रत्येक मरणाला दाद देत आले होते. त्या दिवशी वाटलं, प्रत्येक वेळी मीच का? पडू दे आज जरा वेळ.

मी कट म्हणाले नाही. आवाज न करता जिना चढून वर गेले. त्यांना माझी पावलं ऐकू आली असतील का, हे मी त्यानंतर फार वेळा मोजून पाहिलं आहे. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. सातवी वाजते. मी ती चुकवली होती.

वर बसून मी नऊ पेपर तपासले. मन हलकं झालं होतं, त्या नऊ जणांना मी सढळ हातानं गुण दिले. दहावा उघडला तेव्हा खाली आई किंचाळली.

बर्फवाला त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला सापडला. बर्फ फोडायचा टोचा मांडीवर होता. तो पुसलेलाही नव्हता. तीन वार, तिन्ही डाव्या काखेखाली. टोच्याची भोकं वाटाण्याएवढीही नव्हती, जे वाहिलं ते आत वाहिलं. पोलिसांना एका गोष्टीचं नवल वाटलं. माणूस मारायला आला की समोरचा हात पुढे करतो, तळव्यांना, बोटांना कापतं. बाबांच्या हातांवर ओरखडाही नव्हता. दुपारच्या उजेडात, समोरून, तिन्ही वार त्यांनी नीट घेतले होते.

मला नवल वाटलं नाही. पडणारा माणूस वार अडवत नाही. अडवला तर दृश्य वाया जातं. तो अर्धं पाऊल पुढे जातो, डावा हात उचलतो आणि बगल मोकळी करून देतो, म्हणजे सुरा तिथून निघून जातो आणि बघणाऱ्याला पोटात शिरल्यासारखा दिसतो. बाबांनी मला हे स्वयंपाकघरात लाटणं घेऊन शिकवलं होतं. समोरच्याला ते माहीत असावं लागतं, एवढंच. बर्फवाल्याला फक्त पुढे आलेली बगल दिसली. त्याला दुसऱ्यांदा हसं करून घ्यायचं नव्हतं.

डॉक्टर आईला म्हणाले, "पहिली दहा-पंधरा मिनिटं हातात होती. कुणाला कळलं असतं तर..." आणि ते मान हलवून पुढे निघून गेले.

पोलिसांना मी सांगितलं, वर पेपर तपासत होते, काही ऐकू आलं नाही. आईलाही तेच. आईनंच माझी बाजू सावरली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "ती वाचायला बसली की शेजारी भिंत पडली तरी कळत नाही तिला. तिचा काय दोष." मग माझ्या पाठीवर हात ठेवायची. त्या हाताखाली मी आठ महिने काढले. बर्फवाल्याला शिक्षा झाली, ती ऐकताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला तरी माहीत होतं का, की बाबांना त्या दुपारी दोघांनी मारलं? त्यानं मारलं ते अंगावर जाऊन. मी मारलं ते न बोलता.

मंडळानं तो शुक्रवारचा खेळ रद्द केला होता. आठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, बाबांच्या आठवणीसाठी म्हणून पुन्हा ठेवला. मी जाणार नव्हते. आई साडी नेसून दारात उभी राहिली. "मी एकटी कशी ओळखणार त्यांना? मिशा काय, टोप्या काय. तू दाखव."

पन्नासेक घडीच्या खुर्च्या, खिडक्यांना काळे कागद. शेवटच्या रांगेमागे सिनेमा दाखवायचं यंत्र घरघरत होतं. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. सिनेमा सुरू झाला आणि पाच मिनिटांत पहिला माणूस मेला.

"हे?" आई कुजबुजली.

"नाही. हा लंबू."

मग बाबा आले. सव्वीस वर्षांचे, दात सगळे जागेवर. गुत्त्याच्या छपरावर बंदूक घेऊन उभे. गोळी लागली, बाजूनं, गिरकी आलीच. आईनं माझं मनगट धरलं. दहा मिनिटांनी तेच घोड्यावर, मिशी लावून, आणि मानेत चाकू बसून खाली. घोडा अंगावरून गेला. मागच्या रांगेतला एक म्हातारा आनंदानं म्हणाला, "आला बघ, परत आला! मघाशी छपरावर मेला होता!" सगळे हसले. आईसुद्धा हसली. तिसऱ्यांदा लाल रुमाल बांधून आले आणि आरशात घुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मेल्याबद्दल नव्हे, आल्याबद्दल.

मी आयुष्यभर ज्याला कचरा म्हटलं ते काय होतं, ते मला त्या अंधारात कळत होतं. माझ्या पुस्तकांत मेलेल्याला कुणी परत आणू शकत नव्हतं. इथे माणसं चारच होती, म्हणून आणावंच लागत होतं. त्या पैसे नसलेल्या लोकांना मरणसुद्धा कायमचं परवडत नव्हतं.

शेवटी लढाई झाली. गाव जळालं, म्हणजे दोन फळ्या जळाल्या. नायक जिंकला. चौथ्यांदा बाबा पांढरी टोपी घालून रस्त्याच्या मधोमध आले, पोटात गोळी घेतली, गुडघ्यांवर आले, पाठीवर पडले. एक पाय दुमडलेला. डावा हात डोक्यावरून लांब.

नायक घोड्यावरून निघून गेला. पुढे काय झालं ते बाबा नेहमी सांगायचे. दिग्दर्शक आणि निर्माता जेवणावरून भांडले आणि भांडत निघून गेले, कट म्हणायचं राहिलं. कॅमेरा चालू राहिला, फिल्म संपेपर्यंत. बाबा पडून राहिले. पुढे तोच तुकडा शेवट म्हणून लावला, नवीन घ्यायला फिल्म नव्हती.

पडद्यावर ते पडलेले होते. त्यांच्या अंगावरून नावं वर सरकत गेली. त्यांचं नाव त्यात नव्हतं. नावं संपली. धूळ त्यांच्या ओठांवर बसत होती. कुठून तरी एक खरं कुत्रं आलं, त्यांचा बूट हुंगला आणि गेलं. त्यांनी पापणी हलवली नाही. लोक खुर्च्या सरकवून उठू लागले.

आई उठली नाही. "किती वेळ झाला," ती म्हणाली. "अगं, किती वेळ झाला. कुणीतरी सांगा ना त्यांना."

"कट," मी म्हणाले.

हळू म्हणायचं होतं, पण ते मोठ्यानं निघालं. पुढच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. पडद्यावर बाबा तसेच होते.

"कट, बाबा. कट."

आई माझ्याकडे बघत होती. तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता आणि तो मला तिथेच हवा होता.

"मला त्या दिवशी ऐकू आलं होतं, आई," मी म्हणाले. "मी जिन्यात होते. ते पडलेले मी पाहिले, आणि मी कट म्हणाले नाही."